लोणावळ्याची बदली

“देसाई, बस,” लेफ्टनंट बक्षी म्हणाले.

त्यांच्या केबिनमध्ये एकच जादा खुर्ची होती आणि तिच्यावर फायलींचा गठ्ठा होता. तो त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवला. मी इंजिनरूममधून तसाच वर आलो होतो. बॉयलर सूट तेलानं माखलेला. खुर्ची खराब होऊ नये म्हणून अगदी कडेला टेकलो.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. आमचं जहाज मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं. मला जहाजावर चार वर्षं पूर्ण झाली होती. नेव्हीत काही वर्षं समुद्रावर काढली की काही वर्षं किनाऱ्यावर मिळतात. माझी पाळी खरं तर आधीच्या वर्षीच यायची, पण माणसं कमी म्हणून लांबली होती. शेवटी मार्चमध्ये ऑर्डर आली. लोणावळ्याचं ट्रेनिंग सेंटर, जूनपासून, राहायला क्वार्टर. मी त्याच दिवशी गावी मालनला पत्र टाकलं होतं.

“तुझ्या ऑर्डरबद्दल बोलायचंय,” बक्षी म्हणाले. “खोतचं तुला माहीत आहे ना?”

जालिंदर खोत माझ्याच मेसमध्ये होता. आमचे बंक वरखाली होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचा. त्याच्या बायकोचे दोन गर्भ आधी गेले होते आणि आता तिला पाचवा महिना होता. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. घरात म्हातारा सासरा सोडला तर दुसरं माणूस नव्हतं. खोतनं बदलीसाठी अर्ज केला होता, पण त्याला जहाजावर येऊन दीडच वर्ष झालं होतं.

“आपल्या जहाजावरून एकाच माणसाला सोडता येईल,” बक्षी म्हणाले. “तू लेखी संमती दिलीस तर मी तुझ्या जागी खोतचं नाव पाठवतो. तुझी पाळी मग पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. सक्ती नाही. दोन दिवस विचार कर. बायकोला विचार.”

“देतो संमती,” मी म्हणालो.

बक्षी माझ्याकडे बघत राहिले. “मी दोन दिवस म्हणालो.”

“नको साहेब. आत्ताच लिहून देतो.”

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी चार ओळी लिहून सही केली. कागदाच्या कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. बक्षी उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. “तू फार मोठं काम केलंस,” ते म्हणाले.

खोतला संध्याकाळच्या हजेरीच्या वेळी कळलं. तो मला शोधत पार जहाजाच्या टोकाला आला.

“देसाई, वहिनींना विचारलंस का?”

“विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“दे म्हणाली.”

त्यानं मान खाली घातली. सहा फुटी गडी, पण खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पलीकडच्या जहाजावर चाललेलं रंगकाम बघत राहिलो.

मालनला मी दोन दिवसांनी लिहिलं. लोणावळ्याची ऑर्डर रद्द झाली, कारण कळलं नाही, नेव्हीत असं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस. आंतरदेशीय पत्राची तिसरी घडी कोरीच राहिली. तिथं काय लिहावं ते मला सुचलं नाही.

आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात. मे महिन्याच्या वीस तारखेला मी दहा दिवसांच्या रजेवर घरी पोचलो. घरात आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची तीन पोरं, आणि मालन आणि आमची सात वर्षांची उज्ज्वला. मालन लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच घरात होती. नऊ वर्षांत मी तिच्याबरोबर सलग एक महिन्यापेक्षा जास्त कधीच राहिलो नव्हतो.

आमच्या खोलीत कोपऱ्यात दोन पोती आणि एक पत्र्याची ट्रंक बांधून ठेवलेली होती. पोत्यांची तोंडं सुतळीनं शिवलेली. मी ऑर्डर रद्द झाल्याचं कळवून महिना होत आला होता, तरी तिनं ती सोडली नव्हती.

“हे अजून तसंच आहे?” मी विचारलं.

“तुम्ही आल्यावर सोडूया म्हटलं,” ती म्हणाली. “कदाचित काही बदललं असलं तर.”

“नाही बदललं.”

“बरं.”

ती विळी घेऊन बसली आणि सुतळी कापली. आतून तिच्या माहेरची भांडी निघाली. पातेली, परात, सहा ताटं, पाट्यावरचा वरवंटा कापडात गुंडाळलेला. एकेक वस्तू घेऊन ती स्वयंपाकघरात जायची आणि फळीवर ठेवून परत यायची. माझी वहिनी तिथं भाकरी थापत होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही. तिला वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता. मी खोलीच्या दारात उभा राहून मालनच्या खेपा बघत होतो. मदत करावी असं वाटलं, पण कोणती वस्तू कुठे जाते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उज्ज्वलाला घेऊन शाळेत गेलो. मालननं तिचा दाखला काढून ठेवला होता. तो परत करून नाव पुन्हा घालायचं होतं. उन्हाळ्याची सुट्टी असली तरी हेडमास्तर दाखल्यांच्या कामासाठी येऊन बसायचे. वयस्कर होते, चांगले होते. त्यांनी काही विचारलं नाही. रजिस्टर काढलं आणि कापलेल्या नावाच्या खाली तेच नाव पुन्हा लिहिलं.

“लोणावळ्याला डोंगर आहेत ना?” येताना उज्ज्वलानं आईला विचारलं.

“आहेत,” मालन म्हणाली.

“आणि समुद्र?”

“समुद्र नाही.”

“मग तिथं बाबा कशाला जाणार होते?”

मी तिच्या शेजारीच चालत होतो, पण प्रश्न तिनं आईलाच विचारला. मालन म्हणाली, “बाबांना विचार.” पोरीनं विचारलं नाही. आईच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिचा पदर धरून चालायला लागली.

दहा दिवसांत मालननं बदलीचा विषय एकदाच काढला. परत जायच्या दिवशी ती मला सोडायला गडहिंग्लजच्या स्टँडवर आली होती. एरवी ती येत नसे, भाऊ यायचा. कोल्हापूरची गाडी लागायला वेळ होता. आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी सावलीत उभे होतो.

“एक विचारू?” ती म्हणाली.

“विचार की.”

“बदली रद्द कशी झाली?”

“वरून आलं.”

“तुम्हाला कोणी काही विचारलं नाही?”

“आम्हाला कोण विचारतंय. हुकूम आला की तो पाळायचा.”

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण कुणाची वाट बघत असतो आणि गाडीतून ते माणूस उतरत नाही, तेव्हा जसं बघतो तसं. मग ती म्हणाली, “बरं. तब्येतीला जपा.” गाडी आली. मी खिडकीतून हात केला, तोवर ती वळून चालायलाही लागली होती.

त्यानंतर दोन वर्षं मी जहाजावरच होतो. खोत जूनमध्येच लोणावळ्याला गेला होता. सप्टेंबरमध्ये त्याला मुलगी झाली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं त्यानं कळवलं. मेसमध्ये त्यानं पाठवलेले पेढे वाटले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मालनची पत्रं यायची, पण आखूड झाली होती. दर पत्रात आई-वडिलांची तब्येत, उज्ज्वलाचे मार्क, पाऊसपाणी. एका पत्रात तिनं लिहिलं की गावात अंगणवाडी निघाली आहे आणि तिची सेविका म्हणून निवड झाली आहे. ती लग्नाआधीच दहावी पास झालेली होती. तिनं मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मी अभिनंदनाचं पत्र टाकलं.

नव्वदच्या जुलैमध्ये माझी बदली आली. योगायोगानं तीच जागा, लोणावळा. खोतची मुदत संपत आली होती आणि त्याच्याच जागी मी जाणार होतो. मी मालनला लिहिलं, ये. तिचं उत्तर आलं. अंगणवाडीत बेचाळीस मुलं आहेत, मध्येच सोडता येणार नाही, उज्ज्वलाची शाळाही इथं चांगली चालली आहे. तुम्ही सुट्टीला या. शेवटी ‘आपली मालन’ असं नेहमीसारखंच होतं.

मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पाऊस दिवसचे दिवस थांबत नव्हता. कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना ओल यायची. सकाळी वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना डिझेल इंजिन खोलून दाखवायचं, दुपारी परत यायचं. आजूबाजूच्या क्वार्टरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. बायका दारातून एकमेकींशी बोलायच्या, शाळेची बस आली की पोरांचा कालवा व्हायचा. चार वाजता मी स्टोव्ह पेटवून एका कपाचा चहा करायचो. आतल्या खोलीत मी काहीच ठेवलं नव्हतं. खाट बाहेरच्या खोलीत, ट्रंक खाटेखाली. जहाजावर असते तेवढीच जागा मला वापरता येत होती.

खोतचं बिऱ्हाड हलायच्या आधीच्या रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलं. त्याची बायको छाया मी पहिल्यांदाच बघत होतो. बारीक चणीची, बोलकी. मुलगी दोन वर्षांची होती आणि मटणाच्या रश्श्यात पोळी बुडवून सगळ्या फरशीवर सांडत होती.

“भावोजी, वहिनींना का नाही आणलं?” छायानं विचारलं.

“तिची अंगणवाडी आहे ना.”

“मला त्यांना एकदा बघायचंय. त्यांच्यामुळे ही आहे.” तिनं मुलीकडे बोट केलं. “मी पत्र टाकलेलं त्यांना. ह्यांनी तुमच्या गावाचा पत्ता दिला होता.”

मी घास खाली ठेवला. “कधी?”

“कधी म्हणजे, ऑर्डर कळली तेव्हाच. मला उठायचीही परवानगी नव्हती, पडल्या पडल्या लिहिलं. वहिनी, तुम्ही हो म्हणालात म्हणून माझं लेकरू वाचेल, असं. त्यांचं लगेच उत्तरही आलं. मी जपून ठेवलंय.”

खोत म्हणाला, “अगं जेवू दे त्याला.” पण ती उठली आणि आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मुलीचा जन्माचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि त्यांच्यात एक आंतरदेशीय पत्र.

मी डाव्या हातानं ते घेतलं. मालनचं अक्षर. वर तारीख होती, नऊ मे अठ्ठ्याऐंशी.

‘सौ. छायाताईंना मालनचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही एवढे आभार मानू नका. आम्ही दोघांनी विचार करूनच ठरवलं. तुमची गरज मोठी आहे. आमचं काय, एक-दोन वर्षं इकडे-तिकडे. तुम्ही अजिबात उठू नका, जड उचलू नका. मुलगा होवो नाहीतर मुलगी, मला कळवा.’

मी ते पुन्हा वाचलं. ‘आम्ही दोघांनी.’ नऊ तारखेला तिनं हे लिहिलं होतं आणि मी घरी पोचलो होतो वीस तारखेला. पोती सोडली तेव्हा तिला माहीत होतं. शाळेत दाखला परत केला तेव्हा माहीत होतं. स्टँडवर मला विचारलं तेव्हाही.

“काय झालं रे?” खोतनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “तिचं अक्षर बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं.”

पुढच्या शुक्रवारी मी दोन दिवसांची सुट्टी टाकली. पुणे, कोल्हापूर, गडहिंग्लज अशा गाड्या बदलत शनिवारी अकराच्या सुमाराला गावात उतरलो आणि घरी न जाता अंगणवाडीकडे गेलो. मराठी शाळेच्या मागची एक खोली होती. मुलं नुकतीच घरी गेली होती. मालन खिचडीचं मोठं पातेलं घासत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि सतरंजीवर बसायला जागा केली.

“असे अचानक? बरं आहे ना सगळं?”

“खोतांकडे जेवायला गेलो होतो,” मी म्हणालो. “तुझं पत्र वाचलं.”

भिंतीवर मुलांच्या वजनाचे तक्ते लावलेले होते. तिनं उठून एकाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला आणि परत येऊन बसली.

“मग त्या दिवशी स्टँडवर बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“मी विचारलं होतं की.”

“माहीत असून?”

“माहीत होतं म्हणूनच विचारलं.” तिचा आवाज चढला नाही. “मला वाटलं, आता सांगतील. गाडी येईपर्यंत वाट बघितली.”

“आणि खोतच्या बायकोला तसं का लिहिलंस?”

“त्या बाईला काय लिहू? नवऱ्यानं मला विचारलंच नाही म्हणून? ती पोटुशी, अंथरुणावर पडलेली. तिच्या जिवाला घोर लागला असता.”

बाहेरून ट्रॅक्टर गेला. मालननं हात लांबवून पातेलं भिंतीशी पालथं घातलं.

“तिला जागा दिलीत त्याचा मला कधी राग आला नाही,” मालन म्हणाली. “मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. कुणीही म्हटलं असतं. पण तुम्ही मला खोटं का सांगितलंत, ते मला दोन वर्षं कळलेलं नाही. चांगलं काम केलं होतं तुम्ही. चांगलं काम माणूस लपवत नाही.”

मी म्हणालो, “ते चांगलं काम नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी तिला सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बक्षी साहेबांनी विचारलं तेव्हा मला खोतची बायको आठवली नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. महिनाभर मी लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांचा विचार करत होतो आणि ती ऑर्डर रद्द व्हावी असं वाटत होतं. रजेवर यायचो तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं, पाहुणा म्हणून माझं कौतुक व्हायचं, आणि आठ दिवस झाले की तिच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. पोरगी मला बघून आईमागे लपायची. इंजिनात कुठला पंप का कुरकुरतोय हे मला आवाजावरून कळायचं, घरात कोण का गप्प आहे ते कळायचं नाही. तिथं आम्ही तिघंच राहणार, रोज, दोन-तीन वर्षं. आणि मग तिला कळणार की ज्याची एवढी वर्षं वाट बघितली त्या माणसात काही नाही. जहाज बंदर सोडायचं तेव्हा माझं मन दर वेळी हलकं व्हायचं. बाकीचे सगळे घराच्या आठवणीनं गप्प असायचे आणि मी तोंड पाडून बसायचो, कुणाला दिसू नये म्हणून.

“भीती वाटली,” मी म्हणालो. “खोतच्या बायकोचं निमित्त मिळालं.”

मालननं पदराच्या टोकानं सतरंजीवरची भाताची शितं एका जागी गोळा केली. बराच वेळ ती तेच करत होती.

“मलाही वाटत होती,” ती म्हणाली.

“काय?”

“भीती. ह्या माणसाबरोबर एकटं राहायचं, ह्याला काय आवडतं तेपण मला ठाऊक नाही. रात्री झोप यायची नाही मला.” ती थांबली. “पण मी येणार होते.”

ती उठली, खोलीला कुलूप लावलं आणि आम्ही घरी गेलो. वाटेत लोक तिला थांबवून पोरांच्या डोसाबद्दल विचारत होते. ती प्रत्येकाशी थांबून बोलत होती आणि मी दोन पावलांवर उभा राहत होतो.

लोणावळ्याला ती त्या मुदतीत एकदाच आली, दिवाळीच्या सुट्टीत, उज्ज्वलाला घेऊन. बारा दिवस राहिली. आम्ही तिघं टायगर पॉइंटला गेलो, धुक्यात काही दिसलं नाही. आतल्या खोलीत तिनं अंथरूण घातलं. जाताना ते घडी करून तिथंच ठेवलं. त्या बारा दिवसांत आम्ही वाईट बोललो नाही, बरंचसं बोललो. पण बिऱ्हाड करायची वेळ निघून गेली होती, हे दोघांनाही दिसत होतं. तिच्याकडे आता बेचाळीस पोरं होती आणि गावात तिला तिच्या नावानं ओळखत होते.

त्र्याण्णवमध्ये माझी पंधरा वर्षं भरत आली. नेव्हीत पुढे राहायचं तर फॉर्म भरून द्यायचा होता. राहिलो तर आधी समुद्रावरच जावं लागेल, हेही सांगितलं होतं. फॉर्म मी कोराच घरी घेऊन आलो आणि मालनच्या पुढे ठेवला.

“हे काय?”

“तू सांग. तू म्हणशील तसं करू.”

तिनं दोन्ही बाजू वाचल्या. न कळलेले शब्द विचारून घेतले. मग तो तिनं देवघरातल्या पंचांगाखाली ठेवला आणि दोन दिवस त्याबद्दल बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीला निघताना तिनं फॉर्म आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं.

“सही करा,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती आता घरीच राहा म्हणेल. मी तयारी करून आलो होतो. गडहिंग्लजला इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकायला जागासुद्धा बघून ठेवली होती.

“नीट विचार केलास का?”

“केला.” ती चपला घालत होती. “तुम्ही विचारलंत ते बरं वाटलं. पण आता माझं इथं सगळं लागून गेलंय. तुम्ही रोज घरात असाल तर मला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. तेवढा दम आत्ता नाही माझ्यात. पुढचं पुढे बघू.”

मी सही केली. जानेवारीत जहाजावर रुजू झालो. ह्या वेळचं जहाज नवं होतं, इंजिनरूम मोठी आणि स्वच्छ. पहिल्याच आठवड्यात आम्ही निघालो. मी खाली माझ्या जागेवर उभा होतो. इंजिनाचा आवाज बदलला, पायाखालची पत्र्याची फरशी थरथरायला लागली आणि बंदर सुटल्याचं कळलं. मी नेहमीसारखी मन हलकं व्हायची वाट बघितली. आम्ही बरेच बाहेर आलो, वरून वेग वाढवायचा हुकूम आला, मी तो पाळला. मन काही हलकं झालं नाही.